सिदोबा पारखी आणि बुडाच्या काचा

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा घुशी बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत असत. आता दोन्ही बंद झालं आहे.

त्या काळी एका राज्यात सिदोबा नावाचा पारखी होता. कुणी सोनं पारखतो, कुणी घोडे पारखतो. सिदोबा फुटक्या काचा पारखायचा. जुन्या भट्टीच्या उकिरड्यात, पडक्या गढीच्या आवारात कुणाला काचेचा तुकडा सापडला, की तो सिदोबाकडे यायचा. सिदोबा तो उन्हात धरायचा, नखानं वाजवायचा, वर्षानुवर्षं मातीत पडून काचेवर धरलेली मोरपंखी साय बोटानं पुसायचा आणि सांगायचा, ही अत्तराची कुपी, ही औषधाची शिशी, ही अमक्या राणीच्या सुरईची मान. लोक तर म्हणत, की काच हुंगून तो फुंकणाऱ्यानं न्याहारीला कांदा खाल्ला होता की लसूण, तेही सांगतो. एवढं काही खरं नसावं. कांद्याचं तेवढं खरं असेल.

उत्तर द्यायला सिदोबाला कधी एका श्वासाहून जास्त वेळ लागला नव्हता. याचाच त्याला मोठा तोरा होता.

त्याच राज्यात नदीकाठी काचाऱ्यांचं एक गाव होतं. गावाची भट्टी पणजोबांच्या पणजोबांनी पेटवलेली, आणि तेव्हापासून एकदाही न विझलेली. काचेची भट्टी म्हणजे चूल नव्हे. चूल विझली तर शेजारणीकडून विस्तव आणता येतो. भट्टीत मातीच्या मोठ्या मुशी असतात, त्यांत काच सदा वितळलेली असते. आच गेली की काच आतल्या आत गोठते, मुशी तडकतात आणि भट्टी मरते. म्हणून ही भट्टी येसाक्का नावाची म्हातारी काचारीण लेकरासारखी सांभाळायची. भट्टीमागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या फुटक्या काचेची टेकडी झाली होती.

एकदा कोतवालाचा घोडा त्या टेकडीवर चढला आणि लंगडत उतरला. खुरातून निघाला काचेचा तुकडा. तुकड्यावर होता मोराचा शिक्का.

कोतवाल तसाच दरबारात धावला. कारण मोराचा शिक्का म्हणजे राजाच्या आजोबांची मुद्रा. त्या शिक्क्याच्या कुप्या फक्त किल्ल्यातल्या भट्टीत फुंकायच्या, असा दंडक होता. दुसऱ्या कुणी तो शिक्का उठवला, तर त्याच्या भट्टीवर पाणी ओतायचं आणि त्या गावात पुन्हा कधी आच पेटू द्यायची नाही.

राजानं येसाक्काला बोलावलं, सिदोबालाही बोलावलं.

“महाराज, ही आमची कुपी नव्हे,” येसाक्का हात जोडून म्हणाली. “ही मोड आहे. नवी काच लवकर वितळावी म्हणून आम्ही तिच्यात जुनी फुटकी काच घालतो. भंगारवाले टोपल्या भरभरून आणून टाकतात. वाड्यातली फुटली असेल, तीही आली असेल त्यात.”

सगळा दरबार सिदोबाकडे बघू लागला. सिदोबानं तुकडा उन्हात धरला. रंग पाहिला, शिक्का पाहिला.

“हिरवट झाक आहे. नदीकाठच्या वाळूची,” तो म्हणाला. “इथंच फुंकलेली, महाराज. बाई भंगार म्हणतात. राजाची कुपी फुटली तरी राजाचीच. ती काय भाजीच्या टोपलीत बसून गावोगाव हिंडेल?”

दरबार खो खो हसला. राजाही हसला. येसाक्का तेवढी हसली नाही.

अमावस्येला भट्टी विझवायची ठरली. आणि पुरावा म्हणून दरबारात ठेवायला शिक्क्याच्या काचांची टोपली भरून आणण्याचं काम सिदोबाकडेच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदोबा शीळ घालत टेकडीवर गेला. तिथं एक लठ्ठ घूस बिळातून माती उपसत होती. मातीबरोबर काचा बाहेर पडत होत्या.

“काचा हव्यात ना?” घूस म्हणाली. “न्या बाबा. माझ्या पोटाला टोचतात. आणि त्या कोतवालाच्या घोड्याला सांगा, परत आलास तर माझ्या माजघरात पाय घालू नकोस.”

सिदोबा खाली बसला. शिक्क्याचा एक तुकडा सापडला, दुसरा सापडला. तिसरा मोठा होता, खांद्यापासून बुडापर्यंत शाबूत. माती झटकायला म्हणून त्यानं तो उलटा केला, आणि त्याची शीळ थांबली.

बुड घासलेलं होतं. बारीक बारीक ओरखड्यांचं पांढुरकं कडं उमटलं होतं, जसं वर्षानुवर्षं दगडी फळीवर सरकवलेल्या भांड्याला उमटतं.

आता जी कुपी भट्टीतच बिघडून फेकली गेली, ती फळीवर बसणार कधी? तिचं बुड कोरं असायला हवं. सिदोबानं दुसरं बुड शोधलं. तेही घासलेलं. तिसऱ्याच्या आत तर अत्तराचा तपकिरी थर वाळून बसला होता. अवतीभवती दिव्यांच्या काचा, परमुलखातल्या जाड शिश्या, वैद्याच्या कुप्या, सगळी सरमिसळ पडलेली. आणि हिरवट झाकेची वाळू तर किल्ल्यातल्या भट्टीलाही याच नदीची जायची. म्हातारी म्हणत होती तेच. मोड.

सिदोबाचे कान तापले. दरबारात त्यानं रंग पाहिला होता, शिक्का पाहिला होता. पण असे आणखी तुकडे मागवावेत, त्यांची बुडं बघावीत, हे त्याला सुचलंच नव्हतं. सुचायला एका श्वासाहून जास्त वेळ लागला असता.

“काय हो, विंचू चावला की काय?” घुशीनं विचारलं.

“नाही.”

“मग तोंड असं का केलंत?”

 सिदोबानं टोपली जवळ ओढली. मोठा तुकडा दगडावर आपटून त्याचे दोन केले. शिक्क्याचे खांदे तेवढे टोपलीत टाकले आणि बुडं हळूच बिळाच्या तोंडाशी सारली.

“ह्या नकोत?” घूस म्हणाली. “मघापासून ह्याच तर बघत होतात.”

“त्या कामाच्या नाहीत.”

“माझ्याही कामाच्या नाहीत,” घूस म्हणाली, “पण मी त्या बाहेर टाकते. तुम्ही आत ढकलताय.”

सिदोबा टोपली घेऊन खाली उतरला तो शीळ न घालताच.

राजाला सांगायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं, बरं का! पण त्या दिवशी राजाचं पोट बिघडलं होतं. पोट बिघडलेल्या माणसाला काय सांगायचं? नंतर दरबारात पाहुणे आले. पाहुण्यांदेखत आपली फजिती कशी करून घ्यायची? पाहुणे गेले, तेव्हा त्याच्या मनात आलं, आता सांगितलं तर राजा विचारील, इतके दिवस काय झोपला होतास? असं करता करता सांगायची लाज रोज बोटभर वाढत गेली. दुधावरची साय काढता येते, लाजेवरची काढता येत नाही.

रस्त्यात लोक नमस्कार करत. “काय नजर आहे बुवांची! नुसत्या रंगावरून चोरी पकडली!” सिदोबा मान खाली घालून पुढं सरके. लोक म्हणत, बघा, एवढा मोठा पारखी, पण किती विनयी! घरात त्यानं काचेचे पेले माळ्यावर टाकले आणि पितळी लोट्यानं पाणी पिऊ लागला. 

अमावस्या आली. राजा छत्राखाली बसला, गाव आणि अख्खी नगरी भट्टीभोवती जमली. कोतवालानं पाण्यानं भरलेल्या घागरी ओळीनं मांडल्या. आणि त्या राज्यातली रीत अशी, की ज्याच्या शब्दानं भट्टी विझायची, त्याच्याच हातानं पहिली घागर ओतली जायची.

सिदोबा पुढं झाला.  तेवढ्यात येसाक्का पदरानं धरलेला तांब्या घेऊन आली.

“बुवा, उन्हातून आलात. आधी घोटभर गूळपाणी घ्या.”

“नको, आक्का.”

“घ्या हो. भट्टीवर आलेला माणूस तहानलेला जाऊ नये, ही सासूबाईंची रीत. उद्यापासून इथं कोण येणार आहे? मग रीत कुणासाठी राखून ठेवू?”

सिदोबानं तांब्या तोंडाला लावला. येसाक्का जवळ सरली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “एक विचारू का? तुम्हाला एवढं कळतं, म्हणून विचारते. मी दरबारात मोड म्हणाले खरी. पण तुम्ही इतक्या ठामपणानं सांगितलंत, की मग मलाच वाटायला लागलं, माझं चुकत असेल. हे केलं कुणी? माझ्या सासऱ्यानं, की त्यांच्या वडिलांनी? नाव तेवढं सांगा.”

“नाव कशाला हवंय, आक्का?”

“पितरांना पान वाढते ना मी. चोराचं पान वाढायचं नाही.”

सिदोबानं तांब्या खाली ठेवला. भट्टी घेतलीच होती, आता म्हातारीच्या घरातली मेलेली माणसंही आपण चोर करून ठेवली, हे त्याला त्या घोटात कळलं. तोंड उघडलं तर एका शब्दाचं काम होतं. पण मागं राजा होता, कोतवाल होता, अख्खी नगरी त्याची नजर वाखाणायला जमली होती. सिदोबाला म्हातारीकडे बघवेना. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून तो वळला, घागर उचलली आणि भट्टीच्या तोंडात रिकामी केली.

वाफेचा लोट उठला. आणि आत, खोल, मूस तडकल्याचा आवाज झाला. मोठा नव्हे. कुणी दाताखाली सुपारी फोडावी एवढाच. गावातल्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

“थांबा!” सिदोबा ओरडला. “थांबा, ती मोडच आहे! म्हातारी खरं बोलली! बुडं घासलेली आहेत, अत्तराचा थर आहे आत! मी बघितलंय!”

कोतवालाच्या हातातली दुसरी घागर तशीच राहिली. पण पहिलीनं काम केलं होतं. आत दुसरी मूस तडकली, मग तिसरी.

राजा उठून उभा राहिला. “सिदोबा, हे तुला कळलं कधी?”

“टोपली भरली त्या दिवशी, महाराज.”

“आणि बोलतोयस आज. घागर ओतून झाल्यावर.”

सिदोबा गुडघ्यावर बसला.  हसणाऱ्यांत आपणही होतो, हे बहुधा राजाला आठवलं असावं. मग तो म्हणाला, “दरबारात चुकलास, त्याला शिक्षा नाही. माणूस चुकतो. शिक्षा मधल्या दिवसांची आहे, आणि ती ही बाई सांगेल.”

सगळे येसाक्काकडे बघू लागले. ती भट्टीकडे बघत होती.

“म्हणजे माझा सासरा चोर नव्हता?” तिनं विचारलं.

“नव्हता, आक्का.”

“त्यांचे वडील?”

“कुणीच नव्हतं.”

“मग ते उभं राहून मोठ्यानं सांगा. चोर म्हणालात तेव्हा आवाज चांगला खणखणीत होता.”

सिदोबा उठला आणि चारी दिशांना तोंड करून त्यानं ते सांगितलं. चौथ्या दिशेला आवाज फुटेना, तेव्हा गावानं वाट बघितली. मग तेही सांगून झालं.

“झालं,” येसाक्का म्हणाली. “आता शिक्षा करत बसायला सवड कुणाला आहे? नवी भट्टी बांधायची आहे. धोतर खोचा आणि माती तुडवायला या.”

सिदोबानं पावसाळाभर माती तुडवली. नव्या मुशी घडल्या, सुकल्या, भाजल्या. राजानं लाकूड दिलं, वाळू दिली, भट्टी पुन्हा पेटली. पण पणजोबांच्या पणजोबांपासून मुरत आलेल्या जुन्या मुशींत काच जशी झऱ्याच्या पाण्यासारखी नितळ व्हायची, तशी नव्या मुशींत होईना. कितीही ढवळा, कितीही आच वाढवा, प्रत्येक कुपीत धुराची एक पुसट रेघ राहायचीच.

पुढं कितीतरी वर्षांनी एक परका व्यापारी त्या गावची कुपी घेऊन म्हाताऱ्या सिदोबाकडे आला. “बुवा, कारागिरी उत्तम आहे. मग ही रेघ कसली? वाळू खराब, की आच कमी?”

सिदोबानं कुपी उन्हात धरली. बोलायला त्याला फार वेळ लागला.

“वाळू चांगली आहे,” तो म्हणाला. “आच चांगली आहे. ती रेघ माझी आहे.”

तात्पर्य: चूक कबूल करायची लाज घोटभर असते; पण चूकच गिळून गप्प बसलं, की तिची किंमत दुसऱ्याचं घर मोजतं.