फळ्यावरचे पाहुणे

एका गावाला मोठा तलाव होता. हिवाळाभर त्या तलावावर विटकरी रंगाचे चक्रवाक पक्षी उतरत. गाव त्यांना पाहुणे म्हणे. पाहुणे असेपर्यंत पाण्यात जाळं टाकायचं नाही, हा जुना रिवाज. कुणी टाकलं, तर त्याला वर्षभर तलाव बंद. फाल्गुनात पाहुणे उत्तरेकडे निघाले की भगीरथ गुरुजी सगळा काठ फिरून खात्री करत आणि शाळेच्या फळ्यावर लिहीत, 'पाहुणे गेले.' मगच संध्याकाळी जाळी पाण्यात पडत. वीस वर्षांत फळा एकदाही चुकला नव्हता. गाव गुरुजींचा शब्द डोळे झाकून मानायचं.

त्या वर्षी काय झालं, गुरुजींच्या परसात शिंजिराच्या मादीनं जास्वंदीच्या फांदीला घरटं बांधायला घेतलं. अंगठ्याएवढा जीव तो! कोळिष्टकं आणून आणून झोळी विणत होता. गुरुजी दुर्बीण घेऊन खाटेवर बसले ते बसलेच. चहा तिथे, जेवण तिथे. गुडघा दुखत होता, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे त्यांना तिथून उठवतच नव्हतं.

चौथ्या दिवशी नाइलाजानं बाजारात गेले, तर कुणीतरी विचारलं, "गुरुजी, पाहुणे गेले का हो?"

'बघितलं नाही' म्हणायची त्यांना लाज वाटली. अलीकडचा काठ तर रिकामा दिसत होता. पलीकडे बेशरमाच्या झाडीमागे कोण जातंय बघायला! घरी परतताना त्यांनी फळ्यावर लिहून टाकलं, 'पाहुणे गेले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाईच्या जाळ्यात चक्रवाक सापडला. मासे धरून पोट भरणारी बाई ती. हिवाळाभर बसून विणलेलं नवं जाळं तिनं एका झटक्यात कापलं, पक्षी सोडवला आणि त्याला पदरात, जाळं हातात घेऊन पारावर आली. पक्ष्याचा पंख दुखावला होता.

सरपंचांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "फळ्यावर 'गेले' लिहिलंय. मग हा एकटाच मागे कसा राहिला? तू आधीच जाळं टाकलंस, हा अडकला आणि बाकीचे निघून गेले."

"नाही हो, देवाशपथ! फळ्यावर आल्यावरच टाकलं."

"म्हणजे गुरुजी खोटे?"

देवकाबाईचं कोण ऐकणार? वर्षभर तलाव बंद म्हणजे घरची चूल बंद. तिचे डोळे भरून आले.

गुरुजी तिथेच उभे होते. लोक त्यांच्याकडे आदरानं बघत होते. नुसतं गप्प राहिलं असतं, तरी निभावून गेलं असतं. त्यांनी देवकाबाईच्या हातातल्या कापलेल्या जाळ्याकडे पाहिलं.

"हो, गुरुजी खोटे," ते म्हणाले. "मी काठावर गेलोच नाही. परसात बसून होतो. न बघता लिहिलं."

सरपंचांनी मान खाली घातली. देवकाबाईला मात्र आता चांगलाच राग आला.

"माझं जाळं गेलं ते गेलं, गुरुजी. आता असे उभे राहू नका. पलीकडे जाऊन बघून या. तोवर आम्ही सगळी जाळी बाहेर काढतो."

गुरुजी लंगडत गेले. दुपारी येऊन त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'पाहुणे अजून आहेत. अकरा. स्वतः पाहिले.' जखमी चक्रवाक आठ दिवस त्यांच्याच परसात राहिला. पंख बरा झाल्यावर उडून गेला. त्या आठ दिवसांत गुरुजी देवकाबाईच्या हाताखाली जाळं सांधायला शिकले. तिनं दोनदा त्यांच्याकडून गाठी सोडवून घेतल्या!

पुढच्या फाल्गुनात एके दिवशी फळ्यावर अक्षरं दिसली, 'गुडघा दुखतो. गेलो नाही. माहीत नाही.' वाचून गाव हसलं. पण त्या संध्याकाळी एकही जाळं पाण्यात पडलं नाही.

तात्पर्य: 'माहीत नाही' म्हणायला जो लाजत नाही, त्याच्याच 'माहीत आहे'वर विसंबावं.