नकाशाबाहेर गेलेली नदी

"तुमचं गाव चुकलंय!" राजा धरणीधर गरजले आणि त्यांनी आजोबांच्या वेळचा कापडी नकाशा उंबरठाणच्या पारावर पसरला. "हा बघा साठ वर्षांपूर्वीचा नकाशा! गाव इथून पश्चिमेला अर्ध्या कोसावर आहे आणि या जागी नदी वाहतेय. नदीच्या पात्रात घरं बांधायची परवानगी तुम्हांला दिली कुणी?"

गावकरी खाली बघू लागले. पायाखाली तर ठणठणीत कोरडी जमीन होती. दर पुरात नदी थोडी थोडी पूर्वेला सरकली, मागे गाळाची जमीन सोडत गेली आणि पाण्यामागोमाग गावही सरकलं, एवढी साधी गोष्ट. पण राजांना ती सांगायची कुणी? राजांचा हट्ट पंचक्रोशीला ठाऊक होता.

तेवढ्यात दरबारचे मोजणीकार धुंडोपंत यादी घेऊन पुढे झाले. महिनाभर नकाशा आणि गाव ताडून बघून त्यांनी गावाचे एकशे अकरा गुन्हे हुडकून काढले होते.

"नकाशात विहीर एक, गावात तीन. दोन बुजवा! नकाशात चिंच आहे, गावात नाही. हजर करा! नकाशात पाटलाच्या दारात एक कोंबडी आहे. ती कुठे गेली?"

"पंत, नकाशा काढणारी मंडळी चार दिस पाटलाच्याच घरी जेवायला होती," गर्दीतून लिंबाजी नावाड्याची पोर हौसा म्हणाली. "कोंबडीचं त्यास्नी इचारा की!"

गाव खदखदून हसलं. राजे मात्र हसले नाहीत.

"आठ दिवसांची मुदत!" ते म्हणाले. "नकाशात आहे तिथे नदी आणा आणि नकाशात आहे तिथे गाव न्या. नाही जमलं तर हत्ती लावून घरं पाडू. आमच्या आजोबांचा नकाशा खोटा ठरता कामा नये!"

आणि ते आपल्या नव्याकोऱ्या बागमहालात निघून गेले. हा महाल त्यांनी गावाजवळच, नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर गेल्याच वर्षी बांधला होता. पैलतीरावर राजा भुजंगरावांचं राज्य. दोघा राजांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळे भुजंगरावांना रोज सकाळी हा महाल दिसावा, हाच तो बांधण्यामागचा मोठा हेतू होता.

गावात चुली पेटेनात. जुन्या जागी आता नुसता माळ होता, प्यायला पाण्याचा थेंब नाही. म्हातारीकोतारी रडू लागली. हौसाला मात्र रडू आलं नाही, राग आला. चार पिढ्या नदी जिथं जाईल तिथं त्यांची होडी गेली होती, आणि आता एका फडक्यापायी घर पाडायचं?

"आबा, होडीचा लांब दोर द्या," ती बापाला म्हणाली. "नदी आणायला चालले."

"पोरी, येड लागलं का तुला?"

"मला न्हाई लागलं. ज्यास्नी लागलंय त्यांच्याच कामाला चालले!"

धुंडोपंतांना तिनं नकाशासकट बरोबर घेतलं. सरकारी कामाला नाही कसं म्हणणार? साठ वर्षांत न हललेली वस्तू एकच होती, म्हसोबाची टेकडी. तिथून दोर लावायचा, पंतांनी नकाशातलं अंतर वाचायचं आणि हौसानं खुंटी ठोकून वर लाल चिंधी बांधायची. सहा दिवस खुंट्या ठोकल्या गेल्या. सातव्या दिवशी शेवटच्या खुंट्या ठोकताना पंतांनी नकाशातलं अंतर तीनतीनदा वाचून बघितलं.

आठव्या दिवशी राजे हत्ती घेऊन हजर झाले. "कुठे आहे नदी?"

"तयारी झाली, सरकार. ही लाल चिंध्यांची रांग म्हंजी नकाशातली नदी. दोन्ही काठ मोजून घेतलेत. उद्या खणायला लागतो. निस्ती एक परवानगी पायजे."

"दिली!"

"तुमची न्हवं, सरकार. भुजंगरावांची."

"त्याची? आमच्या राज्यात त्याचा काय संबंध?"

"नदीची धार हीच दोन राज्यांची हद्द, असं तुमच्या आजोबांनी बेलभंडार उचलून ठरवलंय. नकाशातबी तसंच लिवलंय. आता जरा चिंध्या बघा. नकाशातल्या जागी नेलेलं गाव ऱ्हायलं अल्याड, पर तुमचा बागमहाल चिंध्यांच्या पल्याड हाय. नदी आली की महाल गेला भुजंगरावांच्या राज्यात! म्हटलं, एवढी मोठी वस्तू देतोय, तर घेणाऱ्याला आधी कळवावं."

राजांनी चिंध्या बघितल्या, महाल बघितला, मग धुंडोपंतांकडे बघितलं.

"पंत, ही मोजणी खोटी आहे ना?"

"महाराज," पंत चाचरत म्हणाले, "मोजणी खोटी म्हणावी, तर आजोबांचा नकाशा खोटा ठरतो..."

"आणि आम्ही? आम्ही त्या महालात राहायचं की नाही?"

"ऱ्हावा की!" हौसा म्हणाली. "भुजंगरावांचे पाव्हणे म्हणून ऱ्हावा. अल्याड राज्य करायला यायचं असंल तर आमची होडी हायच. निस्ता परमुलखाचा परवाना दावा, म्हंजी झालं!"

 मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि ते असे हसले की पारावरची कबुतरं उडाली.

"पोरी, हरलो! नदी आहे तिथेच राहू दे, गावही राहू दे. पंत, फाडा ती यादी! आणि नवा नकाशा या पोरीला विचारून काढा. हौसा, बक्षीस माग. जमीन देऊ?"

"नदीकाठची गाळाची द्या, सरकार. समद्या गावाला."

"किती बिघे?"

"मोजू नका. नदी सोडंल तेवढी."

राजे मान डोलवता डोलवता थबकले. "अगं, नदी तर दर पुराला जमीन सोडते! म्हणजे हे बक्षीस दरसाल वाढत जाणार?"

"वाढू द्या की, सरकार! तेवढंच भुजंगरावांचं राज्य घटंल!"

राजांनी हसत हसत तिथल्या तिथे सनदेवर शिक्का उठवला, आणि पहिल्या नांगरासाठी आपली खास बैलजोडी उंबरठाणला देऊन टाकली.