ऐकणावळ

पिठाची गिरणी अजून कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण यातली चूक तुमच्याच वयाच्या माणसांनी केलेली आहे.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात घरोघरी जातं होतं. जातं म्हणजे दगडाच्या दोन गोल पाळ्या, एकीवर एक ठेवलेल्या. खालची जमिनीत बसवलेली, वरची खुंटा धरून फिरवायची. वरच्या पाळीच्या तोंडात मुठीमुठीने दाणे वैरले की कडेने पीठ पडतं. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की छिन्नीने ठोकून तो पुन्हा खरखरीत करावा लागतो. त्या छिन्नीला टाकी म्हणतात आणि त्या कामाला टाकी लावणं.

हे काम करायला दर सुगीनंतर डोंगरापलीकडून कोंडाबाई यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत टाकी आणि हातोडी. तिची एक रीत होती. जातं जड झालंय म्हणा, पीठ जाडं पडतंय म्हणा, ती आधी हातोडीला हात लावायची नाही. जात्यापाशी मांडी घालून बसायची, त्याच घरचे मूठभर दाणे मागायची आणि स्वतः दळायची. दळताना ओवी नाही, गप्पा नाहीत. डोळे मिटून फक्त जात्याचा आवाज ऐकायची. मग पीठ दोन बोटांत चोळून बघायची आणि मगच काय ते सांगायची.

ते मूठभर पीठ तिचं. दळणाची जशी दळणावळ, तशी ही माझी ऐकणावळ, असं ती हसत म्हणायची. टाकी लावावी लागली तर तिचे सूपभर जोंधळे वेगळे.

पण टाकी लावायची वेळ क्वचित यायची. एखाद्या घरी ती म्हणायची की दाणे ओले आहेत, उन्हात टाका. दुसऱ्या घरी म्हणायची की खुंटा सैल झालाय, पाचर मारा. आणि पुष्कळ घरी तर एवढंच म्हणायची, "जातं ब्येस हाय. कायबी झालेलं न्हाई." एवढं बोलून पदरात पीठ बांधून पुढच्या दाराशी जायची. गावातलं एकेक जातं आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं होतं, ते उगाच नाही.

आता माणसाचा स्वभाव बघा. बिघाड झाला म्हणून पैसा-धान्य द्यायला त्याचा हात पटकन पुढे होतो. बिघाड झालेला नाही, हे ऐकून मात्र त्याला आनंद होतो आणि त्याच क्षणी हात आखडतो.

गावात साळू नावाची दळणकरीण होती. नवरा लवकर गेलेला, घरात म्हातारी सासू आणि लहानगी लेक. गावातली दळणं दळून तिचं घर चालायचं. साळू कष्टाळू होती, मनाने वाईट तर मुळीच नव्हती. पण दिवसभर खुंटा ओढून हाताला घट्टे पडलेल्या बाईला बसून मिळवलेलं पीठ डोळ्यांत खुपणारच. एकदा पाणवठ्यावर ती बोलून गेली, "म्या दिसभर दगूड फिरवावा तवा पसाभर पीठ मिळतं. आन् ही डोळं मिटून बसती, कायबी झालं न्हाई म्हनती, आन् पीठ घिऊन जाती."

बायांना ते पटलं. संध्याकाळपर्यंत बाप्यांनाही पटलं. पुढच्या सुगीला कोंडाबाई आली तेव्हा गावाने तिला सांगून टाकलं की टाकी लावशील तर दाणे मिळतील, नुसत्या ऐकण्याचं काही मिळायचं नाही.

कोंडाबाई रागावली नाही. टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "बाबांनो, तुमी घावाचंच दाणं देनार, तर हात घावाकडंच वळनार. माझा हात आजवर माझं ऐकत आला. पर पोट उपाशी असलं, की हाताला कान ऱ्हात न्हाईत. तसली पाळी माझ्यावर याया नगं." टोपली उचलून ती आल्या वाटेने डोंगर चढून गेली. तिला हाक मारावी असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

तिच्या जागी सुभाना आला. तरणाबांड गडी, टाकी धारदार, हातात जोर. गावाने त्याला आपली नवी रीत सांगितली आणि तो कामाला लागला. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन-तीन घरी सुभानाने खरं तेच सांगितलं. जातं चांगलं आहे, टाकी नको. घरच्या माणसांनी "बरं झालं" म्हटलं आणि दार लावून घेतलं. दिवस मावळला तेव्हा त्याच्या झोळीत दाणासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच घरात त्याला बिघाड सापडला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं आपण हसून म्हणतो. पण त्या न्हाव्याला रिकामा ठेवला कुणी, हे कुणी विचारत नाही.

मग घरोघरी टाकीचा ठणठणाट सुरू झाला. कुणी कुरकुर केलीच तर सुभाना म्हणायचा, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, मग पीठ तरी कसं चांगलं येईल? लोक खूश होते. काम झालेलं डोळ्यांना दिसत होतं आणि कानांना तर वेशीपर्यंत ऐकू येत होतं.

पण दगड काही कणसासारखा पुन्हा उगवत नाही. टाकी लागते तेवढा तो झिजतो आणि त्याची कच पिठात उतरते. भाकरी दाताखाली करकर वाजू लागली. कच लागते म्हणून लोक सुभानाला बोलावत आणि सुभाना पुन्हा टाकी लावी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार दोन-तीन सुग्या चालला.

सगळ्यात वाईट गत साळूच्या जात्याची झाली. ते जातं तिच्या आईने तिला लग्नात दिलेलं. त्याचं पीठ एका अंगाला बारीक आणि दुसऱ्या अंगाला भरड पडू लागलं. सुभानाने टाकी लावली. फरक पडला नाही. पुन्हा लावली, तर पीठ आणखी भरड. अशाने वरची पाळी इतकी पातळ झाली, की लहानगी लेकही ती सहज फिरवू लागली. हलक्या पाळीखाली दाणा नुसता घरंगळतो, पीठ होत नाही.

तेवढ्यात पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाचं सगळं दळण साळूला मिळायचं होतं आणि त्या दळणावळीवर तिचा पावसाळा निघणार होता. पाटलीणबाईंनी आधी थोडे गहू दळून मागितले. पीठ बघून त्या वाईट काही बोलल्या नाहीत. पण लग्नाआधी जातं नीट कर, नाहीतर दळण परगावी धाडावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि साळूला ठाऊक होतं, लग्नाचं दळण एकदा बाहेर गेलं की रोजची दळणंही त्याच वाटेने जातील.

तिने सुभानाला विचारलं. तो मान खाली घालून म्हणाला की आता टाकी लावली तर पाळी फुटेल, नवंच जातं घे. नव्या जात्याच्या बदल्यात द्यायला साळूकडे एक शेळी होती. लेक तिच्याच दुधावर वाढत होती.

साळूने रात्र कशीबशी काढली आणि उजाडताच ती डोंगर चढू लागली.

कोंडाबाई आपल्या अंगणात उन्हाला बसली होती. साळूने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"आता टाकी धरवत न्हाई गं पोरी. कान तेवढं शाबूत हायेत. माझा काय उपेग तुला?"

साळूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "मावशी, ज्या ऐकन्याचं मूठभर पीठ तुमाला द्यायला म्या न्हाई म्हनलं, तेवढंच तुमच्यापाशी उरलंय. आन् मला तेवढंच पायजे."

कोंडाबाईने पदराने तिचे डोळे पुसले. मग तिने काठी मागितली.

दुपारी दोघी गावात पोचल्या. बातमी आधीच पसरली होती, साळूच्या दाराशी माणसं जमली होती. सुभानाही आला होता, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. कोंडाबाई जात्यापाशी मांडी घालून बसली. मूठभर जोंधळे मागितले, डोळे मिटले आणि दळू लागली. माणसंही गप्प झाली, आणि त्या जात्याचा आवाज गावाने पहिल्यांदाच नीट ऐकला. घर्र, घर्र, आणि प्रत्येक फेऱ्यात एकदा टक्क.

कोंडाबाईने साळूला थाळीत पाणी घेऊन यायला सांगितलं. वरची पाळी बाजूला काढवली आणि थाळी खालच्या पाळीवर ठेवली. थाळीतलं सगळं पाणी भिंतीच्या बाजूला सरकलं.

बिघाड दगडात नव्हताच. भिंतीकडच्या अंगाला जमीन उंदरांनी पोखरली होती, त्यामुळे जातं कललं होतं. त्यातच वरून टाकीचे घाव बसायचे आणि प्रत्येक घावागणिक ते आणखी थोडं खचायचं.

"सुभाना," कोंडाबाईने हाक मारली. "आत ये. पाळी उचलायला जोर लागंल, तो तुझ्यापाशी हाय."

सुभाना आत आला. त्याने खालची पाळी उपसून काढली, बिळात दगडगोटे ठोकले, मुरूम आणि माती भरून चोपली. पाळी पुन्हा बसवली आणि थाळीतलं पाणी एका पातळीत आलं, तेव्हाच त्याने हात काढला. मग कोंडाबाईच्या सांगण्यावरून वरच्या हलक्या पाळीच्या कडेने चिकणमातीचं जाड कडं लिंपलं, म्हणजे वाळल्यावर तिला पुन्हा वजन येईल. कच निघून जावी म्हणून आधी नुसता कोंडा दळून टाकायला कोंडाबाईने सांगितलं. एकदाही टाकी वाजली नाही.

काम झाल्यावर सुभाना तिथेच बसून राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, पहिल्या दिशी म्या खरं सांगितलं हुतं. रातच्याला उपाशी झोपलो."

"ठावं हाय मला," कोंडाबाई म्हणाली. "तुझं चुकलंच. पर तुझ्या एकट्याचं न्हाई."

दाराशी उभ्या असलेल्यांपैकी कुणी वर बघितलं नाही.

साळूने पाळी उपसायच्या आधीच गोळा करून ठेवलेलं ते मूठभर पीठ आणलं आणि दोन्ही हातांनी म्हातारीच्या पदरात घातलं. एवढंसं पीठ, पण देताना तिचे हात असे जपून चालले होते, की जणू देवाला नैवेद्य दाखवते आहे. ती म्हणाली, "मावशी, ही तुमची ऐकणावळ. लई दिसांची ऱ्हायली हुती."

मातीचं कडं वाळलं आणि लग्नाचं दळण साळूच्याच जात्यावर झालं. पीठ कसं पडलं म्हणाल, तर पाटलीणबाईंच्या पुरणपोळ्या मांडवात कुणाच्या दाताखाली वाजल्या नाहीत. शेळी दावणीला राहिली आणि लेकीचं दूधही सुटलं नाही. मांडवात गावाने कोंडाबाईला पहिल्या पंगतीला बसवलं आणि तिथेच जुनी रीत पुन्हा लावली. आधी ऐकणावळ द्यायची, मग जात्याला काही झालेलं असो की नसो.

कोंडाबाई पुढे फार दिवस जगली नाही. होती तेवढे दिवस तिने सुभानाला शेजारी बसवलं आणि ऐकायला शिकवलं. गडी शहाणा निघाला. पोट भरलेलं असलं की पुष्कळ माणसं शहाणी निघतात.

पुढच्या सुगीला सुभाना साळूच्या घरी आला. मांडी घालून बसला, मूठभर दाणे दळले, डोळे मिटून ऐकलं, पीठ बोटांत चोळलं. साळू सूप हातात धरून उभी होती.

"साळूअक्का," तो म्हणाला, "जातं ब्येस हाय. कायबी झालेलं न्हाई."

साळूने जात्याला हात लावून नमस्कार केला. मग मूठभर पीठ त्याच्या झोळीत घातलं, आणि सुपातली एक मूठ वर आणखी घातली. त्या दिवशी तिच्या दारातून टाकीचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने ओवी तेवढी ऐकू आली, आणि त्या ओवीत तिने आईच्या नावाला जोडून कोंडाबाईचं नाव घेतलं होतं.

तात्पर्य: काही बिघडलेलं नाही असं खरं सांगणाऱ्याची मजुरी आनंदाने द्यावी, ती बुडवली की बिघाड विकत घ्यावा लागतो.