सखाहरी मध्ये आला

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते, पण बाकीचे ते लपवून ठेवत. सखाहरीला लपवता येत नसे.

सखाहरीचं एक होतं. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. विसरला असता तर ही गोष्ट झालीच नसती.

गावच्या शाळेला शिपाई हवा होता. सरपंचांनी सखाहरीला ठेवून घेतलं, पण कच्चं. ते म्हणाले, "या महिन्यात सूर्यग्रहण आहे. आपल्या गावातून सूर्य पूर्ण झाकलेला दिसणार आहे. नुसता खंडग्रास नाही, खग्रास! माझ्या आज्यालाही असं दिसलं नव्हतं. गावाला ग्रहण नीट दिसलं, तर तुझी नोकरी पक्की."

सखाहरीच्या आईने देवापुढे साखर ठेवली. नोकरी पक्की झाली की लग्न होणार होतं.

शाळेत ढवळेबाई होत्या. त्यांनी मुलांना ग्रहण शिकवायला घेतलं. वर्गात अंधार केला. मध्यभागी गॅसबत्ती ठेवली आणि म्हणाल्या, "हा सूर्य." वेणू नावाच्या मुलीला उभं केलं आणि म्हणाल्या, "ही पृथ्वी." मग सखाहरीच्या हातात एक लिंबू दिलं.

"तू चंद्र. पृथ्वीभोवती फिर. तोंड तिच्याकडेच ठेव. चंद्र आपल्याला कधी पाठ दाखवत नाही."

सखाहरी वेणूभोवती फिरू लागला.

"आता बत्तीच्या आणि वेणूच्या मध्ये ये. थांब! वेणू, काय दिसतंय?"

"बत्ती दिसत नाही, बाई. लिंबू दिसतंय."

"हेच सूर्यग्रहण. चंद्र मध्ये आला आणि त्याची सावली पृथ्वीवर पडली."

"पण बाई, लिंबू एवढंसं. बत्ती केवढी मोठी!"

"अंगठा डोळ्याजवळ धरलास तर समोरचा डोंगर झाकतो की नाही? चंद्र लहान, पण आपल्या जवळ आहे. सूर्य मोठा, पण फार लांब."

"मग दर अमावास्येला का नाही होत?"

"कारण चंद्र बहुतेक वेळा जरा वरून नाहीतर जरा खालून निघून जातो. बरोबर मध्ये येईल तेव्हाच ग्रहण. मध्ये आल्याशिवाय काही होत नाही. शाब्बास, सखाहरी! तू मध्ये आलास म्हणून मुलांना कळलं."

सखाहरीला आजवर कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

"लक्षात राहील, बाई," तो म्हणाला. आणि राहिलं.

दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्राचा माणूस सरपंचांचा फोटो काढायला आला. सरपंच शाळेच्या मैदानात उभे राहिले. अंगात आजोबांचं जाकीट, त्याला चांदीची बटणं. एका बाजूला कॅमेरा, दुसऱ्या बाजूला सरपंच. मध्ये कुणीच नाही.

सखाहरीला वाईट वाटलं. तो लिंबू घेऊन मध्ये गेला आणि सरपंचांकडे तोंड करून उभा राहिला.

फोटोत सखाहरीचं डोकं आलं. मागून. फार स्पष्ट आलं.

सरपंचांनी त्याला ओढून बाजूला केलं. त्या झटापटीत जाकिटाचं एक बटण तुटलं आणि मैदानाच्या धुळीत कुठेतरी पडलं. पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

"मध्ये काय कडमडतोस?" सरपंच ओरडले. "मध्ये कुणी आलं की सगळं बिघडतं!"

"बाई तर म्हणाल्या..."

"मी म्हणतो ते ऐक! बिघडतं म्हणजे बिघडतं!"

"लक्षात राहील," सखाहरी म्हणाला. आणि राहिलं.

मग बाईंनी ग्रहण बघायचं कसं ते शिकवलं. मुलांना उन्हात नेलं आणि म्हणाल्या, "सूर्याकडे सरळ टक लावून बघायचं नाही. डोळे कायमचे जातात. पाठ करायची, चाळण धरायची आणि जमिनीवर बघायचं. चाळणीच्या एकेका भोकातून एकेक सूर्य खाली पडतो. आत्ता पुऱ्यांसारखे गोल दिसतात ना? ग्रहण लागलं की त्यांच्या करंज्या होतील."

त्याच संध्याकाळी सखाहरीला मुलगी दाखवायची होती. मुलगी पलीकडच्या वाडीतली, नाव शेवंता. जाताना आई म्हणाली, "सख्या, एक सांगते. मुलीकडे सरळ टक लावून बघायचं नाही."

"मला माहीत आहे," सखाहरी म्हणाला आणि स्वयंपाकघरातली चाळण काखेत मारून निघाला.

शेवंता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सखाहरी उठला. त्याने तिच्याकडे पाठ केली, चाळण वर धरली आणि जमिनीकडे बघू लागला.

आईने कपाळाला हात लावला.

शेवंता थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "काय दिसतंय?"

"अजून काही नाही. तुम्हाला ग्रहण लागलेलं नाही."

शेवंता हसली. इतकी हसली की तांब्यातलं निम्मं पाणी सांडलं. "बाबा," ती आत जाता जाता म्हणाली, "मला चालेल."

शेवंताच्या वडिलांना एवढ्या लवकर चालत नव्हतं. त्यांनी विचारलं, "नोकरी पक्की आहे का?"

"ग्रहणानंतर होईल," आई म्हणाली.

"मग ग्रहण सुटल्यावर बोलू."

ग्रहणाचा दिवस उजाडला. आईने दुधावर, पाण्यावर, पिठावर तुळशीची पानं टाकली आणि सखाहरीला सांगितलं, "आज 'दे दान, सुटे गिराण' म्हणत कुणी आलं, तर रिकाम्या हाताने पाठवू नकोस. हातात असेल ते द्यायचं. दान दिलं की ग्रहण सुटतं."

"लक्षात राहील."

सारं गाव शाळेच्या मैदानात जमलं. एरवी ग्रहणात सगळे दारं लावून घरात बसत. बाईंनी घरोघर जाऊन, हातापाया पडून त्यांना बाहेर काढलं होतं. प्रत्येकाच्या हातात चाळण होती. नुसत्या आभाळाची काळजी होती, कारण ढगांच्या चिंध्या फिरत होत्या.

बाईंनी सखाहरीला घंटा दिली, कुलूपकिल्ली दिली आणि बजावलं. "सूर्यावर लक्ष ठेव. मध्ये काही आलं आणि सूर्य पार दिसेनासा झाला, तर घंटा दे. सगळ्यांना वर्गात ने आणि कुलूप लाव, नाहीतर पोरं पळतात आणि नुसत्या डोळ्यांनी वर बघतात. सूर्य दिसला की उघड."

बाईंच्या मनात ढग होते. पण ढग हा शब्द त्या बोलल्या नाहीत.

ग्रहण लागलं. पुऱ्या कुरतडल्या गेल्या. त्यांच्या करंज्या झाल्या. करंज्या बारीक होत गेल्या. ऊन पिवळं पडलं, गार वारा सुटला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. बाई आनंदाने ओरडल्या, "आता! आता बघा!"

सखाहरीच्या चाळणीखालची शेवटची करंजी नाहीशी झाली. सूर्य पार दिसेनासा झाला होता. मध्ये काहीतरी आलं होतं. मध्ये आलं की सगळं बिघडतं.

त्याने घंटा बडवली.

लोक आधीच घाबरलेले. भरदुपारी काळोख आणि वर घंटा! सगळे वर्गाकडे धावले. "थांबा! हेच बघायचंय!" म्हणत बाई आडव्या उभ्या राहिल्या, तर लोंढ्याबरोबर त्याही आत गेल्या. सखाहरीने कुलूप लावलं.

वर्गाच्या खिडक्या उत्तरेला होत्या. सूर्य दक्षिणेला होता.

"सखाहरी, दार उघड!" बाई आतून ओरडल्या.

"सूर्य दिसत नाही, बाई. दिसला की उघडतो."

"अरे, दिसत नाही तेच बघायचंय! लवकर! दोन मिनिटंच असतं!"

"काही दिसणार नाही, बाई. चंद्र मध्ये आलाय."

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "दे दान, सुटे गिराण!" दर ग्रहणाला दान मागणारे म्हातारबाबा झोळी घेऊन येत होते. सखाहरीने आपल्या हाताकडे पाहिलं. हातात किल्ली होती.

त्याने किल्ली दिली. बाबा आशीर्वाद देत पुढे गेले, आणि खरंच, ग्रहण सुटू लागलं.

सूर्य दिसला. पण दार उघडायचं कसं? दान परत मागत नाहीत. शेवटी वेशीपर्यंत गेलेले बाबाच परत आले. "लेका, मला किल्ली कशाला? मला पसाभर जोंधळे दे."

दार उघडलं तेव्हा पुऱ्या पुन्हा गोल झाल्या होत्या. ते खग्रास सूर्यग्रहण गावात फक्त सरपंचांच्या म्हशीने पाहिलं. तीही काही बोलली नाही.

"चला बाहेर," सखाहरी म्हणाला, "मध्ये आलेला गेला."

बाई पायरीवरच बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अरे सखाहरी, मध्ये येतो तोच तर बघायचा असतो!"

"लक्षात राहील," सखाहरी म्हणाला.

सरपंच त्याला तिथेच काढून टाकणार होते. पण बाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी पौर्णिमेला चंद्रग्रहण आहे. त्याला एकदा संधी द्या."

"शेवटची!" सरपंच म्हणाले.

पौर्णिमेच्या दिवशी नेमकं बाईंना तालुक्याला काम निघालं. जाण्याआधी त्यांनी सखाहरीला समोर बसवलं. "मी संध्याकाळच्या गाडीने येते. या वेळी कुलूप नको, चाळण नको, पाठ करायची नाही. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी चालतं. या वेळी पृथ्वी मध्ये येते, सूर्याच्या आणि चंद्राच्या. तिची सावली चंद्रावर पडते. लोकांना मैदानात बसव, बस्स."

दिवेलागणीला सगळे जमले. पूर्वेला चंद्र उगवला. सखाहरीने मध्यभागी गॅसबत्ती आणून ठेवली.

"बत्ती कशाला रे?" सरपंचांनी विचारलं.

"नीट दिसावं म्हणून. सरपंच, सूर्यग्रहणात मध्ये कोण आलं होतं?"

"चंद्र."

"बाई काय म्हणाल्या? मध्ये येतो तोच बघायचा. आज मध्ये कोण येणार?"

सरपंचांना माहीत नव्हतं. वेणू म्हणाली, "पृथ्वी."

"मग?" सखाहरीने पायाखाली बोट दाखवलं.

लोक विचारात पडले. चूक कुठे आहे ते कुणाला सापडेना. गेल्या वेळी बाईंचं ऐकलं नाही म्हणून ग्रहण हुकलं होतं. आता पुन्हा हुकवायची कुणाचीच तयारी नव्हती. सगळं गाव मान खाली घालून जमिनीकडे बघू लागलं.

"काही दिसतंय का?"

"माती."

"अजून लागलं नसेल."

"ही मुंगी चाललीय, ती धरायची का?"

"गप्प बघा!"

वर चंद्राचा एक कोपरा काळा पडला. मग अर्धा चंद्र गेला. मग तो सगळाच तांब्याच्या घंगाळासारखा लाल झाला. वेणूने मान वर करायला घेतली, तर तिच्या आजीने ती खाली दाबली. "खाली बघ, कार्टे! ग्रहण चुकेल."

बराच वेळ गेला. माना अवघडल्या. आणि एकदम सरपंच ओरडले, "दिसलं! दिसलं!"

"काय?"

"बटण!"

धुळीत चांदीचं बटण चमकत होतं. आजोबांच्या जाकिटाचं. सरपंचांनी ते डोळ्यांना लावलं आणि सखाहरीला मिठी मारली. "नोकरी पक्की! असं ग्रहण मी जन्मात पाहिलं नाही!"

तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी एस.टी.च्या खिडकीतून अख्खं ग्रहण पाहिलं होतं. सारं गाव वाकून बसलेलं बघून त्या जागीच थबकल्या. "अहो, वर बघा, वर!"

सगळ्यांनी वर बघितलं. चंद्र नुकताच सुटला होता. स्वच्छ, पांढरा, पुरीसारखा गोल.

"हा तर दर पौर्णिमेचाच आहे," सरपंच म्हणाले.

बाई काही बोलायच्या आधी सखाहरी म्हणाला, "मध्ये येईल ते बघायचं. माझ्या पक्कं लक्षात राहिलंय, बाई."

नोकरी झाली, लग्न ठरलं. लग्नात बाई आल्या, सरपंच सगळी बटणं लावून आले. एका पाटावर सखाहरी, दुसऱ्या पाटावर शेवंता, आणि मध्ये अंतरपाट.

मध्ये आलेलं बघून सखाहरी सावध झाला. अख्खी मंगलाष्टकं होईपर्यंत त्याने अंतरपाटावरची नजर हलवली नाही. शेवटी अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट बाजूला झाला. समोर शेवंता हार घेऊन उभी होती.

अंतरपाट शेवंताच्या मामाने घडी करून खांद्यावर टाकला. सखाहरीची नजर त्याच्या खांद्यावर गेली. मागोमाग सखाहरी गेला. मामा मागे सरकला, सखाहरी पुढे. तो मामाभोवती फिरू लागला, तोंड मामाकडेच ठेवून. मग त्याने मामाच्या गळ्यात हार घातला आणि त्याचा हात घट्ट धरला.

मांडव थिजला. आईने कपाळाला हात लावला. बाईंनी पदर तोंडात धरला.

शेवंता मात्र गोंधळली नाही. ती पाटावरूनच खणखणीत आवाजात ओरडली, "दे दान, सुटे गिराण!"

सखाहरी थांबला. हातात असेल ते द्यायचं, हे तो विसरला नव्हता. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं.

हातात मामा होता.

त्याने मामा देऊन टाकला.

शेवंताने मामाच्या गळ्यातला हार काढला, आपल्या गळ्यात घातला, आणि ग्रहण सुटलं.