खांब कापायचा नाही

प्राणी बोलायचे आणि पगारावर बास्केटबॉलही खेळायचे, त्या काळातली ही गोष्ट. शेळ्यांच्या संघानं त्या हंगामात एकही सामना जिंकला नाही. कप्तान चांदी उड्या मारून मारून दमली, पण चेंडू काही रिंगमध्ये जाईना. बघायला आलेली माकडं शेंगांची टरफलं फेकून मारायची.

संघाचा मालक हत्ती. तो चिडून करवत घेऊनच मैदानात आला. "खांब कापून रिंग खाली घेऊ. मग तरी जिंकाल."

चांदी खांबाला पाठ लावून उभी राहिली. "हरलो आम्ही आणि शिक्षा खांबाला? हात तर लावून बघ!"

"अगं, तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"असलं भलं घाल तुझ्या सोंडेत. बुटक्या रिंगवर जिंकले, हे माझ्या करडांना कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग उद्यापासून चारा बंद!"

"कर बंद. रान काय तुझ्या बापाचं आहे?"

हत्ती करवत तिथंच टाकून पाय आपटत निघून गेला. चांदीनं शिंगांनी चेंडू उडवला. तो रिंगला आपटून खाली आला. माकडं खो खो हसली.

"हसा मेल्यांनो," चेंडूमागं पळता पळता चांदी म्हणाली. "रिंग तिथंच आहे, आणि मी पण इथंच आहे."