बटव्याला घर हवं

निळ्या डोंगरापलीकडे, जिथं सकाळ सगळ्यांच्या आधी पोचते, तिथं एक फुलमळा होता. पिवळीधमक शेवंती, केशरी झेंडू, लालचुटूक जास्वंद, पांढरीशुभ्र तगर! आणि एवढ्या सगळ्या रंगांच्या कडेला एक बिनरंगाची झोपडी होती. तिच्यात केशर नावाची चिमुरडी आणि तिची आई राहायच्या. केशरचे बाबा देवाघरी गेले होते. मळा दुसऱ्याचा, फुलं दुसऱ्याची, मायलेकींचे नुसते हात. दोघी अंधारातच उठायच्या, दवानं भिजलेली फुलं तोडायच्या आणि ऊन वर येईपर्यंत हारांची टोपली भरायच्या. थंडीत केशरची इवली बोटं जांभळी पडायची. पायांत चप्पल नव्हती, अंगावरचा फ्रॉक आखूड झाला होता. तरी फूल तोडताना ती झाडाला हळूच विचारायची, "दुखलं नाही ना रे?"

एका सकाळी झेंडूच्या वाफ्यात दोन कावळे कशावर तरी चोची आपटत होते. केशरनं हातातली फुलं भिरकावून त्यांना हाकललं, आणि बघते तर काय, लिंबाएवढं कासवाचं पिल्लू! काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चिमुकल्या चांदण्या. डोकं, पाय, शेपटी सगळं आत, नाडी ओढून बंद केलेल्या बटव्यासारखं. म्हणून केशरनं त्याचं नाव बटवाच ठेवलं.

आईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "अगं, पण ठेवणार कुठं याला? मोकळं सोडलं तर कावळे सोडायचे नाहीत. घरात ठेवलं तर तुझ्या नाहीतर माझ्या पायाखाली येईल. जरा मोठं होईपर्यंत याला नीट जागा हवी बाई. आणि खायला हवं काहीतरी, नाहीतर काही खरं नाही त्याचं."

बटवा तर डोकंसुद्धा बाहेर काढेना. केशर त्याला ओंजळीत घेऊन शेवंतीच्या ताटव्यापाशी बसली. तिचे डोळे भरून आले. "कुणीतरी याला घर द्या हो," ती पुटपुटली.

तेवढ्यात समोरचं शेवंतीचं फूल थरथरलं. पाकळी पाकळी उजळली आणि आतून बोटाएवढी परी बाहेर आली. हळदीच्या रंगाचे झुळझुळीत पंख, दवबिंदूंचा लखलखता मुकुट, पायांत चांदीचे इवले इवले वाळे.

"मी शेवंतपरी," ती गोड आवाजात म्हणाली. "हातातली फुलं सांडून तू या जिवाला वाचवलंस. माग, काय हवं ते माग. पण नियम ऐक हं, बाळ. इच्छा एकच मिळेल. ज्याच्यासाठी मागशील, त्याला ती आवडली पाहिजे. तो खूश होईपर्यंत मला माझ्या फुलात परत जाता यायचं नाही. आणि वस्तू कशी असावी, हे मात्र परीच ठरवणार."

केशरनं क्षणभर आपल्या गारठलेल्या पायांकडे पाहिलं, मग झोपडीकडे पाहिलं, मग ओंजळीतल्या बटव्याकडे. "याला घर दे, परीताई," ती म्हणाली.

आता परी भेटली म्हणजे गोष्ट संपलीच, असं तुम्हाला वाटत असेल. केशरलाही तसंच वाटलं होतं. बिचारी! त्या शेवटच्या नियमानं तिच्या नाकी नऊ आणले.

परीनं टिचकी वाजवली. छुम्! मळ्याच्या मधोमध एक निळंशार तळं झालं. त्यात गुलाबी कमळं, चांदीच्या पायऱ्या, सोनेरी मासोळ्या. केशर 'थांब' म्हणायच्या आत परीनं बटव्याला अलगद उचलून तळ्याच्या मधोमध सोडलं. बटवा गडप!

केशरनं फ्रॉकसकट उडी मारली आणि चाचपून चाचपून त्याला बाहेर काढलं. "अगं परीताई! बुडलं असतं ना ते!"

"पण कासव पाण्यातच राहतं," परी म्हणाली. "एवढं मला ठाऊक आहे."

"विहिरीतलं राहतं. त्याच्या बोटांना पडदे असतात. याचे पाय बघ, खडबडीत आहेत आणि त्यांना नखं आहेत. हे जमिनीवर चालणारं आहे."

"अगोबाई, हो का? मग जमिनीवर करू या की!"

छुम्! तळं गेलं आणि त्या जागी महाल उभा राहिला. काचेच्या लखलखीत भिंती, संगमरवरी जमीन, मोत्यांचे पडदे, छताला लटकलेली चिमुकली झुंबरं. निळा, जांभळा, गुलाबी उजेड सगळीकडे नुसता सांडत होता. बटव्याला आत ठेवलं. त्यानं घाबरत घाबरत एक पाय पुढे टाकला आणि घसरला. दुसरा टाकला, पुन्हा घसरला. चारही पाय चार दिशांना गेले. कसाबसा भिंतीपाशी पोचला, तर त्याला काचेतून पलीकडचं गवत दिसत होतं, आणि मधली काच काही दिसत नव्हती. झालं! तो काचेला डोकं टेकवून चालत राहिला. दुपार झाली तरी एकाच जागी चालतोय. जेवण नाही, झोप नाही.

"किती छान नाचतोय!" परीनं टाळ्या वाजवल्या.

"नाचत नाहीये, परीताई," केशर दात आवळून म्हणाली. "त्याला बाहेर जायचंय."

"मग दमला असेल. त्याला झोपाळा देते." आणि केशरनं तोंड उघडायच्या आत रेशमी झोपाळा आला, हलला, आणि बटवा उताणा! चारही इवले पाय हवेत. केशरनं त्याला सुलटं केलं आणि कपाळाला हात लावला. परीचा राग तरी कसा यावा? ती इतकी गोड हसायची, इतक्या मनापासून करायची! फक्त बटव्याकडे बघायचं तेवढं तिच्या ध्यानातच येत नव्हतं.

एवढ्यानं भागलं असतं तर बरं. पण महाल लांबून चमकला आणि शेजारच्या वस्तीवरच्या बायका तो बघायला धावत आल्या. पुढे चंपाकाकू. काचेतून त्यांना बटवा दिसला मात्र, त्यांनी कानशिलांवर बोटं मोडली.

"अगं बाई! देवळातलं कासव जिवंत होऊन आलं गं!"

झालं! आमच्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं आणि आधी त्याच्या पाया पडून मगच माणसं देवाकडे जातात. त्यामुळे बायकांना वेगळं काही सांगावंच लागलं नाही. कुणी हळद आणली, कुणी कुंकू. कुणी बटव्याच्या पाठीवर दूध ओतलं. कुणी त्याच्या तोंडापाशी पेढा धरला. चंपाकाकूंनी त्याच्या कानाशी घंटी वाजवली, आणि कासवाला कान कुठं असतात ते ठाऊक नसल्यामुळे चारही बाजूंनी वाजवली. जी ती येऊन त्याला उचलायची, कपाळाला लावायची आणि पुढचीच्या हातात द्यायची.

"काकू, नका ना! घाबरतंय ते!" केशर ओरडून ओरडून दमली.

"अगं, आशीर्वाद देतंय ते. तू लहान आहेस, तुला नाही कळायचं," चंपाकाकू म्हणाल्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा बटवा कसलीच हालचाल करेना. केशरनं त्याला कानाशी धरलं, फुंकर घातली, हाक मारली. पाय आत, डोकं आत, डोळे मिटलेले. हे पिल्लू आता जगत नाही, असं तिच्या मनात आलं. तिला भयंकर रडू आलं, आणि त्याहून भयंकर राग आला.

"पुरे!" ती अशी काही कडाडली की घंटी थांबली आणि परी हवेतच दचकली. "परीताई, तू गप्प बस! काकू, तुम्ही पण! सकाळपासून सगळे याला नुसते उचलताय आणि ठेवताय. देवळातलं कासव कधी उचलता का? ते जिथं असतं तिथंच असतं. कुणी त्याला हलवत नाही. देऊळच त्याच्याभोवती असतं…"

आणि बोलता बोलता केशर थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"परीताई," ती हळूच म्हणाली, "हा महाल पुसून टाक. नवीन काही करू नकोस. नुसतं बघायचं."

"नुसतं बघायचं?" परीला हे फारच अवघड वाटलं.

महाल गेला. केशरनं बटव्याच्या पाठीवरचं हळदकुंकू आणि दूध कोमट पाण्यानं अलगद धुतलं. त्याला पुसून उतरत्या उन्हात मातीवर ठेवलं आणि ती त्याच्यापासून लांब, पोटावर पालथी पडली. तिच्याजवळ परी पालथी पडली. त्यांच्या मागं चंपाकाकू आणि बाकीच्या बायका बसल्या, कारण केशर वळून वळून अशी बघत होती की बसण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

बराच वेळ काही म्हणजे काही झालं नाही. परीचे पंख फुरफुरले, केशरनं डोळे वटारले. चंपाकाकूंना खोकला आला, त्यांनी तो पदरात दाबला. "थोडंसं संगीत लावू का?" परीनं विचारलं. "नको," केशर म्हणाली. "एखादं कारंजं?" "परीताई!"

आणि मग, अगदी हळू, एक पिटुकलं नाक बाहेर आलं. मग काळे काळे डोळुले. मग एक पाय, दुसरा पाय. बटवा निघाला! झेंडूचा वाफा ओलांडून, दगडाला वळसा घालून, ढेकळावर चढून, पलीकडे गडगडून, तो थेट जास्वंदीपाशी गेला. तिथं अर्धी सावली होती, अर्धं ऊन. त्यानं नखांनी माती उकरली, अंग तिच्यात खुपसलं आणि जरा विचार करून, खाली पडलेल्या जास्वंदीच्या लाल पाकळीचा एक टवका तोडला.

केशरनं श्वास सोडला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"आता कुणी त्याला हलवायचं नाही," ती उठत म्हणाली. "घर त्याच्याभोवती बांधायचं. काकू, पूजा करायचीय ना? मग पेढे राहू द्या आणि प्रत्येकीनं एकेक गुळगुळीत धोंडा आणा. काच नको, त्याला आरपार दिसता कामा नये. आणि येताना घोळीच्या भाजीचा पाला आणा, कोवळा."

बायका निमूट गेल्या आणि धोंडे घेऊन आल्या. वीतभर उंचीची, गोल, पक्की भिंत झाली. केशरची आई तोवर हार विकून बाजारातून परत आली होती. तिनं फुटक्या कौलाचा अर्धा तुकडा पालथा घालून लपायला गुहा केली. केशरनं पाण्याची थाळी मातीत पुरली, इतकी उथळ की बटव्याला आत चालत जाता यावं आणि चालत बाहेर येता यावं. चंपाकाकूंनी घोळीचा पाला ठेवला, आणि सवयीनं हातही जोडले. जोडू देत!

परी मात्र एका पानावर गाल फुगवून बसली होती. तिचा उजेड मंदावला होता. "आणि मी काय करू?" तिनं विचारलं. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच तिनं स्वतःचं काही न सुचवता विचारलं.

"वर जाळी हवी," केशर म्हणाली. "कावळे आत यायला नकोत, पण ऊन यायला हवं. आणि परीताई, साधी कर हं. मोती नकोत."

परीचा चेहरा खुलला. तिनं किरणांचे बारीक बारीक सोनेरी धागे ओढले आणि त्यांची अशी हलकी, अशी चिवट जाळी विणली की ती वाऱ्यालाही कळली नाही. कावळ्यांना मात्र कळली! मोती एकही नव्हता. एक लावायचा मोह तिला झाला होता, पण तिनं तो आवरला.

बटव्यानं घोळीचं अख्खं पान संपवलं, थाळीत जाऊन पाणी प्यायला आणि कौलाखाली जाऊन झोपला. त्याबरोबर परीच्या अंगातून लख्ख पिवळा उजेड फुलला.

"झाला की गं खूश!" ती म्हणाली. "पण हे घर मी नाही दिलं, तू दिलंस. मी दिली ती नुसती जाळी. म्हणजे तुझी इच्छा अजून तुझ्याकडेच आहे. बोल, केशरबाळ, आता कुणासाठी?"

"आईसाठी," केशर लगेच म्हणाली.

"आईसाठी! वा! सोन्याचा वाडा देते. सात मजली, हिऱ्यांच्या खिडक्या, आणि प्रत्येक मजल्यावर…"

केशरनं कमरेवर हात ठेवले. ती नुसती बघत राहिली.

"बरं बरं," परी ओशाळून म्हणाली. "विचारते."

ती तरंगत तरंगत केशरच्या आईसमोर गेली. आईच्या हाताला माती लागली होती आणि डोळ्यांखाली काळं झालं होतं. परीनं मुकुट सरळ केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "केशरच्या आई, तुम्हाला काय हवंय?"

आई गोंधळली. असं तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिनं झोपडीकडे पाहिलं, मळ्याकडे पाहिलं, हात पदराला पुसले, आणि मग लाजत लाजत म्हणाली, "मला ना, एकदा ऊन वर येईपर्यंत झोपायचंय."

परीनं हळूच मान डोलावली. मग तिनं दोन्ही इवले हात उघडले. पिवळा, केशरी, गुलाबी उजेड मळाभर पसरला, पानापानाला शिवला, झोपडीच्या भिंतीत मुरला. आणि दिपलेले डोळे उघडेपर्यंत परी दिसेनाशी झाली होती. शेवंतीचं एक फूल तेवढं हळूहळू मिटत होतं.

दुसऱ्या दिवशी केशरला जाग आली तर अंगावर मऊ दुलई, झोपडी उबदार, आणि दारात हारांनी भरलेली टोपली तयार, फुलांवर अजून दव. तेव्हापासून टोपली रोज तशीच असायची. त्या सकाळी ऊन खिडकीतून आत आलं होतं, आईच्या पायांवरून सरकत गालावर पोचलं होतं, आणि आई झोपली होती. एका हातावर डोकं ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून, गाढ.

तेवढ्यात चंपाकाकू घोळीचा पाला घेऊन, घंटी वाजवत, "केशर, ए केशर!" करत अंगणात आल्या.

केशर अनवाणीच बाहेर धावली आणि तिनं काकूंच्या हातातली घंटी घट्ट धरली.

"काकू," ती कुजबुजली, "आई झोपलीय."