तांब्याखालचं दार

नदीकाठी एक पायवाट. पायवाटेशेजारी ओली वाळू. वाळूत एक बीळ. बिळात राहायचे चिंबू खेकडा आणि त्याची आई.

चिंबू गेला शेवाळ खायला. तिरका तिरका, तुरुतुरु.

इकडे वाटेनं तिघं आले फिरायला. सगू, सगूची आई, सगूचे बाबा. चालून चालून सगू दमली. सगळे वाळूत बसले. आईनं तांब्या टेकवला. तांब्या लागला डुगडुगायला. शेजारी दिसला खळगा. आईनं तांब्या त्यात बसवला. घट्ट. म्हणाली, तांब्यासाठी जागा तयारच होती.

चिंबू परत आला. बघतो तर दारावर तांब्या. ऊन चढलेलं. वाळू तापलेली. आत त्याची आई वाट बघतेय.

"तांब्या, तांब्या, हल ना."

तांब्या म्हणाला, "सगूची आई उचलेल, तर हलेन."

चिंबू गेला सगूच्या आईकडे. तिरका तिरका, तुरुतुरु.

"तांब्या हलेना, मी घरी जाऊ कसा?"

आई म्हणाली, "माझा पदर अडकलाय बाबांच्या मांडीखाली. बाबा सरकतील, तर उचलेन."

चिंबू गेला बाबांकडे. तिरका तिरका, तुरुतुरु.

"आई उचलेना, तांब्या हलेना, मी घरी जाऊ कसा?"

बाबा म्हणाले, "मांडीवर सगू झोपलीय. सगू उठेल, तर सरकेन."

चिंबू गेला सगूकडे. तिरका तिरका, तुरुतुरु.

"बाबा सरकेनात, आई उचलेना, तांब्या हलेना, मी घरी जाऊ कसा?"

सगू डोळे मिटूनच म्हणाली, "फांदीवरचा खंड्या पक्षी ओरडेल, तर उठेन."

चिंबू गेला खंड्याकडे. तिरका तिरका, तुरुतुरु.

"सगू उठेना, बाबा सरकेनात, आई उचलेना, तांब्या हलेना, मी घरी जाऊ कसा?"

खंड्या म्हणाला, "नदी हलेल, मासा उडेल, तर ओरडेन."

चिंबू गेला नदीकडे. तिरका तिरका, तुरुतुरु.

"खंड्या ओरडेना, सगू उठेना, बाबा सरकेनात, आई उचलेना, तांब्या हलेना, मी घरी जाऊ कसा?"

नदी म्हणाली, "मला कुणी गुदगुल्या करेल, तर हलेन."

चिंबूनं नांग्या बघितल्या. एक ही. एक ही.

"एवढंच होय?"

गुदुगुदु, गुदुगुदु.

नदी हसली, खळखळ. मासा उडाला, सुळकन. खंड्या ओरडला, किलकिल किलकिल. सगू उठली, टुणकन. बाबा सरकले. पदर सुटला. आईनं तांब्या उचलला.

"अगं बाई, हे तर कुणाचं तरी दार."

बाबांनी रुमाल गोल गुंडाळला. चुंबळ केली. तांब्या चुंबळीवर बसला. डुगडुगला नाही. सगूनं दाराशी भाकरीचा तुकडा ठेवला.

चिंबूनं तो नांगीत धरला आणि शिरला घरात. तिरका तिरका, तुरुतुरु.

आई म्हणाली, "कुठं होतास रे एवढा वेळ?"

चिंबू म्हणाला, "नदीला हसवत होतो."